पेला मोडीत घालण्यापूर्वी

घराची वाटणी होते तेव्हा जमीन, वखार, पेढीची जागा आणि दागिने यांचे हिशेब कागदावर चढतात. कपाटाच्या वरच्या फळीवरचा काळवंडलेला चांदीचा पेला मात्र शेवटपर्यंत कोणाच्याच यादीत नसतो. दोन बाजूंना कान, झाकणावर धावता घोडा, पोटावर बारीक इंग्रजी अक्षरांची कोरीव ओळ आणि खाली काळ्या लाकडाची बैठक, असे त्याचे रूप असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याविषयी एवढेच ठाऊक असते की तो 'रेसचा कप' आहे. मग कोणीतरी तरुण तो तराजूत ठेवतो. साठ तोळे भरले तर सुमारे सातशे ग्रॅम. इंग्रजी चांदी साडेब्याण्णव टक्के धरली तर चोख चांदी सुमारे ६४७ ग्रॅम. त्यातून आटणीची घट वजा. हिशेब दोन मिनिटांत होतो. पेल्यावरची ती ओळ वाचून तिचा अर्थ लावायला मात्र दोन महिने पुरत नाहीत, आणि एकदा मूस तापली की ती ओळ पुन्हा वाचता येत नाही.

डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावरचे चिखले हे गाव अशा पेल्यांसाठी प्रसिद्ध नाही. ते प्रसिद्ध आहे ते सुरूच्या झाडांमागच्या शांत समुद्रासाठी आणि चिकूच्या वाड्यांसाठी. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच पट्ट्यात हे गाव मोडते. परंतु चिखले, घोलवड, बोर्डी ते डहाणूपर्यंतची ही चिंचोळी पट्टी गेली शंभर-दीडशे वर्षे पारशी आणि इराणी बागायतदार, जैन व गुजराती व्यापारी, मांगेला कोळी आणि वारली अशा अनेकांच्या शेजाराने घडली. एकाच्या घरची वस्तू दुसऱ्याच्या घरी जाण्याचे मार्ग येथे पुष्कळ होते. शिवाय १८६४ साली मुंबईला जोडली गेलेली बी.बी. अँड सी.आय. रेल्वे याच गावांच्या पाठीमागून जाते. या रुळांच्या एका टोकाला मुंबईच्या शर्यती आणि दुसऱ्या बाजूला घोड्यांचे शौकीन बडोदे व राजपिपळा संस्थान होते. म्हणून या पट्ट्यातल्या जुन्या घरात शर्यतीचा पेला निघाला तर त्यात नवल नाही. तो तेथे कसा आला, हे शोधण्यासारखे आहे.

शोधाची सुरुवात कोरलेल्या नावापासून न करता पेल्याच्या काठाखालच्या सुईएवढ्या ठशांपासून करावी. चांदीच्या व्यवहारात वाढलेल्या कुटुंबांना हे सांगण्याची खरे तर गरज नाही, तरी घाईत ठसेच पाहायचे राहून जातात. चालणाऱ्या सिंहाचा ठसा असेल तर चांदी इंग्लंडात तपासलेली, हजारी ९२५. सोबत नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचे तोंड असेल तर लंडन, जुन्या वस्तूवर मुकुट असेल तर शेफील्ड. राजाचे किंवा राणीचे मस्तक असेल तर ती १८९० पूर्वीच्या कराची खूण होय. व्हिक्टोरिया राणीचे मस्तक दिसले तर पेला तिच्या कारकिर्दीतला, पण १८९० च्या आतला. यांतले काहीच नसून ई.पी.एन.एस. अशी चार अक्षरे असतील, तर ती तांबे, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणावर चढवलेली चांदीची झिलई. बाजारात ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात त्याचेच ते सजवलेले भावंड. मोडीच्या दृष्टीने त्याला किंमत नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ते साठ तोळ्यांच्या पेल्याच्या बरोबरीचेच, कारण शर्यत धातू पाहून धावली जात नाही. पुष्कळ 'गोल्ड कप' हेदेखील आतून चांदीचे आणि वरून सोन्याच्या मुलाम्याचे असतात.

पेला हिंदुस्थानात घडवलेला असेल तर काम अधिक अवघड होते. ब्रिटिश काळात येथे चांदी तपासून ठसा देणारी सरकारी व्यवस्था नव्हती. भारतीय मानक ब्युरोची चांदीसाठीची हॉलमार्क योजना आली ती २००५ साली. तेव्हा विश्वास कारागिराच्या शिक्क्यावर. कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची पी. ऑर अँड सन्स, आणि गुजरातेशी नाते असलेल्या वाचकांना आपले वाटेल असे नाव म्हणजे भुजचे ओमरसी मावजी. कच्छी कारागिरांचे उठावाचे वेलबुट्टीकाम इतके दाट असते की त्यात घोडा आणि हरणे पानांआडून बाहेर डोकावल्यासारखी दिसतात. असा पेला आटवणे म्हणजे वजनाच्या भावात कारागिरी फुकट देणे, आणि हे तर शुद्ध व्यापाराच्या हिशेबानेही चूक आहे.

ठशांमध्ये एक सुटे अक्षर असते. ते वर्षाचे अक्षर. दरवर्षी अक्षर बदलते, वर्णमाला संपली की अक्षराची घडण किंवा भोवतालच्या ढालीचा आकार बदलून ती पुन्हा सुरू होते. येथे एक गंमत आहे. लंडनचे अक्षर जानेवारीत न बदलता मे महिन्यात बदलत असे, त्यामुळे एक अक्षर दोन इसवी सनांत विभागले जाते. दिवाळीला चोपडापूजन करून नवे वर्ष लिहिणाऱ्या पेढीला हे समजावून सांगावे लागत नाही. शर्यतींचेही तसेच. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, पुण्याचा पावसाळ्यात. म्हणून मुंबईचा हंगाम दोन सनांच्या जोडीने लिहितात. घरच्या रोजमेळात संवत १९९० लिहिले असेल, तर तो काळ १९३३ च्या दिवाळीपासून १९३४ च्या दिवाळीपर्यंतचा. अशा रीतीने एकाच पेल्यावर तीन वर्षे एकमेकांवर सरकलेली सापडतात: कारागिराचे, शर्यतीचे आणि चोपडीचे. पेला घडला एका वर्षी, दुकानात राहिला, जिंकला गेला पुढच्या वर्षी आणि चोपडीत आला त्याहून किती तरी नंतर. 'तारखा जुळत नाहीत, म्हणजे पेला खोटा' असा निष्कर्ष काढण्याआधी या तिन्ही दिनदर्शिका शेजारी ठेवून पाहाव्यात.

कोरलेल्या ओळीत क्लबचे नाव असेल तर तेही तारखेचेच काम करते. मुंबईच्या शर्यतींची संस्था १८०२ पासूनची मानली जाते. १९२५ साली तिचे नाव वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाले आणि १९३५ साली पंचम जॉर्ज यांच्या अनुमतीने मागे 'रॉयल' लागले. पेल्यावर तीन शब्दांचे बॉम्बे टर्फ क्लब असेल तर तो १९२५ च्या आधीचा, 'रॉयल'शिवायचे वेस्टर्न इंडिया असेल तर मधल्या दहा वर्षांतला, 'रॉयल' असेल तर नंतरचा. जागेचाही असाच उपयोग होतो. महालक्ष्मीच्या पाणथळ मैदानावर शर्यती १८८३ पासून. त्यापूर्वी त्या भायखळ्याला होत. त्या काळी मुंबईत धावणारे घोडे बहुतेक अरबी, आखातातून गलबतांनी आणि पुढे आगबोटींनी आलेले, आणि त्यांचे व्यापारीही अरब.

'प्लेट' या शब्दाने अनेकांची फसगत होते. कोरीव ओळीत अमुक 'प्लेट' असे असले, तरी हातात पेला असतो. मग घरात तर्क निघतो की ताट हरवले असावे. इंग्रजी शर्यतींत चांदीच्या वस्तूंना मिळून 'प्लेट' म्हणण्याची जुनी रीत होती आणि तेच नाव शर्यतीला चिकटले. त्याचप्रमाणे काही चषक फिरते असतात. मूळ चषक क्लबात राहतो आणि विजेत्याला लहान प्रतिकृती मिळते. फिरत्या चषकाच्या बैठकीवर चांदीच्या पट्ट्या असतात आणि त्यांवर ओळीने वर्षे आणि नावे. एकच नाव व एकच वर्ष असेल तर तो कायमचा दिलेला. आणि जवळजवळ सर्व पेल्यांवर घोड्याचे नाव असते, मालकाचे असते; जॉकीचे क्वचित; पहाटे तीनला उठून घोड्याला मालिश करणाऱ्या मोतद्दाराचे कधीच नसते.

मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नसते. राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांच्या विंडसर लॅड या घोड्याने ६ जून १९३४ रोजी एप्सम येथील इंग्लिश डर्बी जिंकली. तोवर एकही शर्यत न हरलेला कोलंबो हा लोकांचा आवडता घोडा तिसरा आला. विंडसर लॅडला शिकवणारे मार्कस मार्श, स्वार चार्ली स्मर्क. संस्थानिकांपैकी ही डर्बी जिंकणारे विजयसिंहजी एकटेच. आगाखानांनी ती पाच वेळा जिंकली खरी, परंतु त्यांच्याकडे संस्थान नव्हते. पुढे त्याच वर्षी हा घोडा मार्टिन बेन्सन या इंग्रज सट्टेबाजाला ५०,००० पौंडांना विकला गेला आणि सप्टेंबरमध्ये त्याने सेंट लेजर जिंकली ती बेन्सनच्या नावावर. घोडा एक, हंगाम एक, आणि त्याच्या विजयाच्या खुणा दोन घरांत गेल्या. शंभर वर्षांनी एखाद्या वंशजाने 'आमच्या घोड्याने दोन्ही जिंकल्या' असे म्हटले, तर ते खरेही असेल आणि खोटेही. राजपिपळ्याच्या बाबतीत सुदैवाने घरातीलच कोणी हे काम अंगावर घेतले. महाराजांचे नातू इंद्र विक्रम सिंह यांनी आजोबांच्या शर्यतींवर इंग्रजीत 'अ महाराजाज टर्फ' हे पुस्तक लिहिले. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर घोड्यांची आठवण टिकवायला दप्तरखाना किंवा दरबार उरला नव्हता.

बडोद्याची कथा मराठी वाचकाला अधिक जवळची. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या मुलाला दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसवले, ते सयाजीराव गायकवाड. त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांनी १९४५ साली इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना, म्हणजे २९,४०० पौंडांना घेतले, हा त्या वेळचा विक्रमी भाव होता, आणि त्याला आजोबांचे नाव दिले. या सयाजीरावने १९४७ साली आयरिश डर्बी जिंकली आणि सप्टेंबरमध्ये सेंट लेजरही. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा महिनाही उलटला नव्हता किंवा नुकताच उलटला होता. त्याआधी १९४३ साली महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली; ती प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने बडोद्यासाठीच जिंकली. १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात आले. संस्थाने गेली, तनखे आले, १९७१ साली तेही गेले. अशा काळात महालांतल्या चांदीचे काय होते, हे सराफी करणाऱ्या घरांना वेगळे सांगायला नको.

येथेच व्यापारी घरांसाठी खरा प्रश्न उभा राहतो. जैन पेढीवर निघालेला शर्यतीचा पेला त्या घराने जिंकलेला असण्याची शक्यता कमी असते. तो गहाण आलेला आणि न सोडवलेला असू शकतो. लिलावात घेतलेला, उधारीच्या फेडीत आलेला, किंवा शेजारच्या पारशी बागायतदाराने गाव सोडताना स्नेहाने दिलेला असू शकतो. कौटुंबिक आठवण यांतला फरक पुसून टाकते. दोन पिढ्यांत 'आजोबांकडे असलेला कप' हा 'आजोबांनी जिंकलेला कप' होतो. याचा निवाडा क्लबाच्या दप्तरात नव्हे, घरच्याच माळ्यावर बांधून ठेवलेल्या लाल बासनात होतो. रोजमेळ, खतावणी, गहाणवही यांत वजन तोळ्यांत लिहिलेले असते. पेल्याचे आजचे वजन आणि चोपडीतले वजन जुळले, तर नाव, मिती आणि रक्कम एका ओळीत हाती येते. सत्य काहीसे निराशाजनकही निघू शकते. एखाद्या अडचणीतल्या माणसाने तो पेला कोणत्या भावाने ठेवला आणि कोणत्या व्याजाने गमावला, हेही त्याच ओळीत लिहिलेले असेल. ते वाचायची तयारी असेल तरच बासन सोडावे.

डहाणूच्या बाबतीत घोड्याशी असलेले नाते आणखी एका वाटेने जाते, आणि ती वाट चांदीची नाही, गवताची आहे. मोटारी येण्याआधीची मुंबई घोड्यांवर चालत होती. बग्ग्या, व्हिक्टोरिया, सुरुवातीची ट्राम, लष्कर आणि शर्यतीच्या पागा, यांना आणि म्हशींच्या तबेल्यांना रोज गवत लागे. डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील माळांवरचे गवत कापून, वाळवून, दाबून त्याच्या गाठी रेल्वेने मुंबईला जात. या व्यापारात गुजराती, मारवाडी, पारशी असे सर्व होते. आपल्या वाचकांपैकी काहींच्या पणजोबांच्या गवताच्या वखारी असतील. गवत कापणारे हात वारल्यांचे. वेठबिगार आणि तुटपुंजी मजुरी यांविरुद्ध १९४५ साली त्यांनी गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली लढा उभारला. मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे सभा झाली, आणि गवताच्या हंगामात मागणी होती पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती मारले गेले. गोदावरीबाईंनी हे सर्व 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले. त्याच वर्षी इंग्लंडात एका शिंगराला २८,००० गिनी पडल्या, हा योगायोग कोणी जुळवून आणलेला नाही. सन फक्त एक आहे. चिखल्याच्या एखाद्या घरातील पेल्याचा इतिहास लिहायचा तर त्यात घोड्याच्या वंशावळीबरोबर त्याने खाल्लेल्या चाऱ्याचाही उल्लेख हवा.

आणि धर्माचे काय? द्यूत हे सप्तव्यसनांत पहिले मोजले जाते. न्यायालयाचे मत निराळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली लक्ष्मणन् विरुद्ध तमिळनाडू सरकार या खटल्यात घोड्यांची शर्यत ही प्रामुख्याने कौशल्याची, केवळ नशिबाची नाही, असे म्हटले. श्रावकाचे व्रत न्यायालयाच्या व्याख्येवर चालत नाही हे खरे, पण म्हणून पेला घरात ठेवूच नये असे म्हणणे घाईचे वाटते. घोडा हा आपल्या परंपरेला परका प्राणी नाही. तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांचे लांछन घोडा. भरूचच्या अश्वावबोध तीर्थाची कथा तर याच रेल्वेरेषेवर घडते. यज्ञात बळी जाणार असलेल्या घोड्याला बोध देण्यासाठी मुनिसुव्रत स्वामी प्रतिष्ठानपुराहून, म्हणजे आपल्या पैठणहून, एका रात्रीत तेथे पोहोचले असे जिनप्रभसूरींच्या विविधतीर्थकल्पात सांगितले आहे. जिंकलेल्या घोड्याचे पुढे काय झाले हा प्रश्न शर्यतीचे इतिहासकार फारसा विचारत नाहीत. श्रावकाने तो विचारावा. स्टड बुकात उत्तर मिळते ते केवळ पैदाशीसाठी ठेवलेल्यांचे. बाकीचे घोडे टांग्याला जुंपले गेले, विकले गेले, वा मारले गेले.

मुंबईत या प्रश्नाला दिलेले एक उत्तर आजही उभे आहे. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून दंगल उसळली, आणि त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ सुरू झाली. याच मोतीशांनी भायखळ्याला आदिनाथाचे देरासर बांधले. म्हणजे एकाच उपनगरात एकीकडे शर्यतीचे मैदान, क्लब आणि अरबांचे तबेले होते, तर दुसरीकडे देरासर. दोन्हीकडे येणाऱ्या बग्ग्या बहुधा एकाच रस्त्याने जात. मैदान तेथून हलले, देरासर आहे. महालक्ष्मीच्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर आता सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचे २०२४ मध्ये ठरले आहे, तेव्हा तेथलेही चित्र बदलेल.

पेला हाती असलेल्या घराने सर्वांत आधी एक पथ्य पाळावे: तो घासून उजळू नये. राखेने आणि चिंचेने शंभर वर्षे घासलेल्या पेल्यांवरची अक्षरे आणि ठसे विरून गेलेले असतात. पातळ कागद अक्षरांवर धरून पेन्सिल आडवी फिरवली की ओळ कागदावर उतरते. ठशांचे जवळून छायाचित्र घ्यावे, बैठक उचलून तिचा तळही पाहावा, कारण दुकानाचे लेबल बहुधा तेथेच असते. घोड्याचे नाव आणि साल हाती आले की एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात किंवा एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात जुनी वृत्तपत्रे पाहता येतात. १८३८ पासूनच्या टाइम्समध्ये शर्यतींचे निकाल घोड्यांच्या वजनासह छापलेले असत. देशी पैदाशीच्या घोड्याची नोंद पुण्याच्या स्टड बुक कार्यालयात शोधावी. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला पेला दाखवून ती काय सांगते ते तारखेसह लिहून घ्यावे, जरी ते चुकीचे वाटले तरी. वजन तोळ्यांत आणि ग्रॅममध्ये दोन्ही लिहावे. हा सारा मजकूर एका कागदावर उतरवून, घडी घालून, पेल्यातच ठेवावा आणि एक प्रत चोपड्यांच्या बासनात. त्यानंतर वाटणीच्या यादीत पेल्याला एक ओळ द्यावी आणि तो कोणाकडे राहणार, की मोडीत जाणार, ते सर्व भावंडांनी एकत्र बसून ठरवावे.